छोट्या व्यवसायासाठी फोन यंत्रणा: आधी न उचललेल्या फोनचा विचार करा

फोन यंत्रणा विकायला येणारा माणूस सहसा उचललेल्या फोनबद्दल बोलतो. कॉल होल्डवर कसा ठेवायचा, दुसऱ्या टेबलावर कसा द्यायचा, तिघांना एकत्र कसं जोडायचं, होल्डवर कोणतं संगीत वाजवायचं. या सोयी आता जवळपास प्रत्येक यंत्रणेत असतात, त्यामुळे त्यांच्या यादीवरून निवड करण्यात फारसं हशील नाही. यंत्रणेची पारख होते ती न उचललेल्या फोनवर. गिऱ्हाइकाने नंबर लावला तेव्हा दोघं आधीच बोलतायत, तिसरा जागेवर नाही, किंवा वीज गेलेली आहे. त्या फोनचं पुढे काय होतं? एंगेज लागतो? वाजून वाजून थांबतो? कुणाच्या मोबाइलवर जातो? निरोप ठेवता येतो का, आणि ठेवलेला निरोप कुणी ऐकतं का? छोट्या व्यवसायाला फोन करणारा बऱ्याचदा घाईत असतो. फोन लागला नाही तर तो दुसऱ्या कुणाला तरी लावतो, आणि असं काही झाल्याचा आपल्याला पत्ताही लागत नाही.

लाइनी किती लागतात?

इथे अंदाजाने ठरवणारे हमखास फसतात, कारण सरासरी दिशाभूल करते. समजा, सगळ्यात गर्दीच्या तासात तुमच्याकडे येणारे-जाणारे मिळून २० फोन होतात आणि प्रत्येक साधारण ३ मिनिटं चालतो. एकूण ६० मिनिटांचं बोलणं झालं. तासात मिनिटं ६०च, म्हणजे एक लाइन पुरावी असं वाटतं. पण फोन एकामागून एक शिस्तीत येत नाहीत. दहा मिनिटं शांतता असते आणि मग एकाच मिनिटात तीन फोन वाजतात.

हे कोडं कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वीच सोडवून ठेवलं आहे. त्याचा पहिला निबंध १९०९चा आणि आजही वापरात असलेलं सूत्र १९१७चं. फोनचा भार मोजायच्या एककाला त्याचंच नाव आहे: तासभर अखंड चालणारं एक संभाषण म्हणजे १ एर्लांग. वरच्या उदाहरणातला भार बरोबर १ एर्लांग आहे. आता सूत्र काय सांगतं ते पाहा. एकच लाइन असेल तर निम्म्या फोनना एंगेज लागेल. दोन लाइनी असतील तर पाचातल्या एकाला. तीन असतील तर शंभरातल्या सहा जणांना, आणि चार असतील तर शंभरात दीड. सरासरीने एक लाइन पुरेल असं वाटलेल्या ठिकाणी खरी गरज चारची निघते.

पुढची गोष्ट आणखी कामाची आहे. भार दुप्पट झाला, म्हणजे तासाला ४० फोन आणि २ एर्लांग, तर आठ लाइनी लागतील का? नाही. सहा लाइनींमध्येच एंगेज लागण्याचं प्रमाण शंभरात जेमतेम सव्वा येतं. म्हणून विक्रीला वेगळ्या चार लाइनी आणि दुरुस्तीला वेगळ्या चार अशी वाटणी करण्यापेक्षा सगळ्यांच्या मिळून सहा घेतल्या, तर कमी लाइनींमध्ये जास्त फोन लागतात. नंबर हवे तर दोन ठेवा, पण त्यांच्यामागच्या लाइनी सामायिक असू द्या. विभागाविभागांत लाइनी वाटून दिलेल्या दिसल्या, की तिथे पैसे वाया जातायत असं खुशाल समजा.

सूत्राला मर्यादा आहेत. एंगेज लागला की माणूस निघून गेला, असं ते धरून चालतं. प्रत्यक्षात काही लोक लगेच पुन्हा नंबर लावतात, त्यामुळे गर्दी थोडी जास्तच होते. शिवाय मोकळी लाइन आणि मोकळा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहा लाइनी आणि फोन उचलायला दोघंच, अशी स्थिती असेल तर एंगेज लागणार नाही, नुसता वाजत राहील. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने त्यात फार फरक नाही.

तुमचा गर्दीचा तास कोणता हे आठवणीवर सोडू नका. फोनच्या बिलाच्या तपशिलात किंवा मोबाइलच्या कॉल यादीत वेळा असतात. दोन-तीन आठवड्यांचे आकडे तासांप्रमाणे मांडले की चित्र दिसतं, आणि बऱ्याचदा ते मालकाच्या समजुतीपेक्षा वेगळं निघतं. बाहेर जाणारे कॉलही मोजा. आपलाच माणूस पुरवठादाराशी अर्धा तास बोलत बसला तर तेवढा वेळ एक लाइन गेलीच.

काय काय मिळतं

सगळ्यात साधी व्यवस्था म्हणजे मोबाइल. एकट्याचा किंवा दोघांचा व्यवसाय असेल तर मी त्यात कमीपणा मानत नाही. अडचण सुरू होते ती तिसऱ्या माणसापासून. गिऱ्हाइकांकडे कर्मचाऱ्यांचे खासगी नंबर पोचतात, कुणाचा फोन कुणी घेतला याची नोंद राहत नाही, आणि तो कर्मचारी नोकरी सोडून गेला की त्याच्यासोबत नंबर जातो. पाठोपाठ गिऱ्हाइकंही.

दुसरी व्यवस्था जुनी आणि ओळखीची: भिंतीवर ईपीएबीएक्सचा, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजचा डबा, त्यात बाहेरून आलेल्या लँडलाइन, आणि त्यातून प्रत्येक टेबलावर गेलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे आतला फोन. आतल्या आत बोलायला पैसे लागत नाहीत, तीन बाहेरच्या लाइनींवर बारा टेबलं चालतात. जिथे जुन्या तारा धड आहेत आणि माणसं एकाच इमारतीत बसतात, तिथे ही यंत्रणा अजूनही उत्तम चालते. फक्त जगभर टेलिफोन कंपन्या तांब्याच्या तारांचं जुनं जाळं मोडीत काढत आहेत. ब्रिटनमध्ये ते जानेवारी २०२७पर्यंत बंद करायचं ठरलं आहे. आज नवा डबा घेणार असाल तर त्याला इंटरनेटवरून येणाऱ्या लाइनी जोडता येतात का, एवढं विचारून घ्या.

तिसरी म्हणजे आयपी पीबीएक्स. एक्स्चेंजचं काम करणारा संगणक तुमच्या जागेत, आणि फोन नेटवर्कच्या केबलवर. यातलं असंख्य ठिकाणी वापरलं जाणारं अ‍ॅस्टेरिस्क हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि त्याचा जन्मच छोट्या व्यवसायाच्या अडचणीतून झाला. लिनक्स या संगणक प्रणालीसाठी मदतसेवा देणारी कंपनी काढणाऱ्या मार्क स्पेन्सर या तरुणाला तयार फोन यंत्रणा परवडत नव्हती, म्हणून १९९९मध्ये त्याने स्वतःच ती लिहून काढली. पण सॉफ्टवेअर फुकट असलं तरी सांभाळणारा माणूस फुकट नसतो. घरात तसा जाणकार नसेल, तर या वाटेला जाऊ नका असंच मी सांगेन.

चौथी क्लाउडची. एक्स्चेंज सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असतं, तुमच्याकडे फक्त फोन किंवा मोबाइलमधलं अ‍ॅप. दरमहा माणशी पैसे. माणूस वाढला की एक वाढवा, घटला की कमी करा. माणसं दोन जागी बसत असतील किंवा घरून काम करत असतील तर याला तोड नाही. वीज गेली किंवा इंटरनेट बंद पडलं तरी एक्स्चेंज जागंच असतं आणि फोन आपोआप मोबाइलकडे वळवता येतो. न उचललेल्या फोनच्या कसोटीवर ही व्यवस्था बाकीच्यांपेक्षा सरस ठरते, आणि बहुतेक छोट्या व्यवसायांना मी हीच सुचवेन. मात्र वीस-पंचवीस माणसं वर्षानुवर्षं एकाच जागी बसणार असतील तर पाच वर्षांचं भाडं जोडून बघा. तिथे स्वतःचा डबा स्वस्त पडू शकतो. दुसरी गोष्ट, इंटरनेटवरचा कॉल सार्वजनिक फोन जाळ्याशी जोडण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. सेवा देणाऱ्याकडे तसा परवाना आहे का, हे त्याला लेखी विचारा.

आवाज तुटतो तेव्हा

इंटरनेटवरच्या फोनची सगळ्यात मोठी तक्रार ही, आणि त्यावर सगळ्यात चुकीचा उपाय म्हणजे जास्त वेगाचं इंटरनेट घेणं. जरा हिशेब करू. फोनच्या रूढ पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, प्रत्येक नमुना ८ बिटांचा. झाले ६४ किलोबिट. हा आवाज बहुधा २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतात, म्हणजे सेकंदाला ५० पुडकी. प्रत्येक पुडक्यावर पत्त्याची भर पडून सगळं मिळून ८० ते ९० किलोबिटच्या आत राहतं. दहा जण एकदम बोलत असले तरी एका दिशेला १ मेगाबिटसुद्धा लागत नाही. मग आवाज तुटतो कशाने?

बहुतेक वेळा पुडकी वेळेवर न पोचल्याने. फाइल उतरवताना एखादं पुडकं अर्ध्या सेकंदाने आलं तरी काही बिघडत नाही, फाइल पूर्ण होते. बोलण्यात मात्र उशिरा आलेलं पुडकं निरुपयोगी असतं, ते टाकूनच द्यावं लागतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी, की एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत आवाज १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा. त्यापेक्षा बराच उशीर झाला की दोघंही एकदम बोलू लागतात आणि एकदम थांबतात. ऑफिसातल्या एखाद्या संगणकाने भरदुपारी मोठा बॅकअप वर चढवायला घेतला की राउटरच्या तोंडाशी रांग लागते आणि फोनची छोटी पुडकी तिच्यात अडकतात. उपाय दोन. राउटरमध्ये फोनच्या वाहतुकीला अग्रक्रम द्या, आणि बॅकअप रात्रीवर ढकला. शक्य असेल तिथे फोन वायफायवर न ठेवता केबलवर घ्या. बऱ्याच तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

दोन खुणा मात्र वेगळ्या आजाराच्या आहेत. एकाला ऐकू येतं आणि दुसऱ्याला नाही, किंवा प्रत्येक कॉल सुमारे ३२ सेकंदांनी नेमका कट होतो. दुसरी तक्रार ऐकली की जाणकार लगेच राउटरकडे बघतो. कॉल जोडताना एका बाजूने ‘मिळालं’ असा पोचीचा संदेश जावा लागतो. तो वाटेत हरवला, तर समोरची यंत्रणा ३२ सेकंद वाट पाहते आणि कॉल तोडते. बऱ्याच राउटरमध्ये ‘सिप एएलजी’ नावाची सोय आधीपासून चालू असते. ती फोनला मदत करायला म्हणून संदेशांतले पत्ते बदलते आणि घोळ घालते. ती बंद करून बघा. सेवा कंपनीच्या मदत केंद्राशी तास घालवण्याआधी हे करण्यासारखं आहे.

वीज आणि आणीबाणी

जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधून तारेवाटेच येते, सुमारे ४८ व्होल्ट, आणि एक्स्चेंजच्या मागे मोठ्या बॅटऱ्या असतात. म्हणून दिवे गेले तरी तो फोन चालायचा. आता राउटर, नेटवर्कच्या केबली जोडणारा स्विच आणि फोन तिघांनाही वीज लागते, आणि फायबर असेल तर त्याच्या डब्यालाही. या सगळ्यांना मिळून एक छोटा यूपीएस बसवा. फोनना नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा स्विच घेतला तर टेबलाटेबलावर अ‍ॅडॉप्टर लागत नाहीत आणि एकाच यूपीएसवर सगळं भागतं.

आपत्कालीन नंबर यंत्रणा लावल्याच्या दिवशीच तपासा. पण खरा कॉल करून नव्हे, तो कसा जातो हे तंत्रज्ञाकडून समजून घेऊन. बाहेरच्या कॉलसाठी आधी ० किंवा ९ दाबावा लागत असेल, तर घाबरलेल्या माणसाला ते सुचणार नाही. अमेरिकेत एका मोटेलमध्ये लहान मुलीला नेमकं याच कारणाने मदत बोलावता आली नाही. त्यानंतर तिथे २०१८मध्ये कायदा झाला, की अशा यंत्रणांवरून आपत्कालीन नंबर थेट लागलाच पाहिजे. क्लाउडवरच्या फोनच्या बाबतीत आणखी एक अडचण: मदत यंत्रणेला दिसणारा पत्ता तुम्ही नोंदवलेला असतो. जागा बदलली तर तोही बदलायला हवा.

यंत्रात माणूस अडकू देऊ नका

‘विक्रीसाठी १ दाबा’ ही पाटी पाच जणांच्या व्यवसायाला शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कुठलंही बटण दाबलं तरी फोन त्याच दोघांकडे जाणार असेल, तर गिऱ्हाइकाचा अर्धा मिनिट कशाला खायचा? विभाग खरोखर वेगळे असतील तेव्हाच मेनू ठेवा. तीन पर्याय पुरेत, आणि ‘माणसाशी बोला’ हा त्यातला एक असू द्या. पर्याय सांगताना आधी काम, मग आकडा: ‘दुरुस्तीच्या चौकशीसाठी २’. उलटं सांगितलं तर काम ऐकेपर्यंत आकडा विसरतो.

फोन कुणाकडे वाजावा याचे प्रकार असतात. सगळीकडे एकदम वाजवला तर लवकर उचलला जातो, पण गोंगाट होतो आणि ‘तो घेईल’ म्हणून कुणीच घेत नाही असंही घडतं. ठरलेल्या क्रमाने वाजवला तर पहिला माणूस पिचतो. पाळीपाळीने, म्हणजे मागचा फोन ज्याने घेतला त्याच्या पुढच्याकडे, हा प्रकार सर्वांत न्याय्य वाटतो. काहीही निवडा, पण शेवटची पायरी कोरी ठेवू नका. इतके सेकंद वाजून कुणी घेतला नाही तर अमुक मोबाइलवर, तिथेही नाही तर निरोप, आणि तो निरोप ईमेलवर. कामाच्या वेळा, साप्ताहिक सुट्टी आणि सणासुदीच्या सुट्ट्या यांचे वेगळे निरोप आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवा.

सेवा सुरू झाल्यावर न उचललेल्या फोनची यादी रोज सकाळी एकाने बघायची आणि प्रत्येकाला उलट फोन करायचा, हे काम कुणाच्या तरी नावावर लावा. महागड्या यंत्रणेतलं हे सगळ्यात मौल्यवान पान असतं, आणि बहुतेक ठिकाणी ते उघडलंच जात नाही. कॉल ध्वनिमुद्रित करत असाल तर समोरच्याला आधी सांगा. अनेक ठिकाणी ते कायद्याने बंधनकारक आहे, आणि जिथे नाही तिथेही ते सभ्यपणाचं.

चोर फोनवरूनही येतो

इंटरनेटला जोडलेल्या एक्स्चेंजवर पासवर्ड शोधणारे प्रोग्राम रात्रंदिवस धडका देत असतात. एखादं एक्स्टेन्शन १०१ आणि त्याचा पासवर्डही १०१ असेल तर ते काही मिनिटांत सापडतं. मग बहुधा शुक्रवारी रात्री, ऑफिस बंद झाल्यावर, तुमच्या लाइनीवरून परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल सुरू होतात, आणि त्या नंबरांच्या कमाईत चोराचा वाटा असतो. सोमवारी बिल तुमच्या नावावर. लांब पासवर्ड ठेवाच, पण त्याहून खात्रीचा उपाय साधा आहे: परदेशी कॉलची गरज नसेल तर ते सेवा देणाऱ्याकडूनच बंद करून घ्या, आणि गरज असेल तर हवे तेवढेच देश उघडे ठेवून दिवसाच्या खर्चाला मर्यादा घाला.

सही करण्याआधी

फोनच्या तारेला फोनखेरीज काय जोडलंय ते एकदा जागेवर फिरून बघा. फॅक्स, कार्ड स्वाइप करायचं जुनं यंत्र, चोरघंटी, लिफ्टमधला फोन. यातल्या काही गोष्टी इंटरनेटच्या लाइनीवर नीट चालत नाहीत. त्यांच्यासाठी एखादी जुनी लाइन ठेवावी लागते किंवा यंत्र बदलावं लागतं. हे लाइन बंद झाल्यावर कळलं तर फार महागात पडतं.

चाचणीसाठी यंत्रणा मागाच, आणि ती तुमच्याच गर्दीच्या तासात, तुमच्याच इंटरनेटवर वापरा. दाखवायला आणलेल्या लॅपटॉपवर सगळंच छान चालतं. एकाच वेळी लाइनींच्या संख्येपेक्षा एक फोन जास्त लावून बघा, त्या जास्तीच्या फोनला काय ऐकू येतं ते ऐका. राउटरची वायर काढा आणि मग बाहेरच्या मोबाइलवरून तुमचा नंबर लावा.

नंबर कुणाच्या नावावर आहे हे करारात शोधा. तो तुमच्या व्यवसायाच्या नावावर हवा, विक्रेत्याच्या किंवा यंत्रणा लावून देणाऱ्या तंत्रज्ञाच्या नव्हे. तसंच सेवा सोडताना नंबर दुसरीकडे नेता येईल का, आणि त्याला किती दिवस लागतील, हेही. नंबर हलवायचा असेल तर आधी नव्या कंपनीकडे अर्ज करा, नंबर तिथे वाजायला लागल्याची खात्री करून घ्या, आणि मगच जुनं कनेक्शन तोडायला सांगा. उलट क्रमाने गेलात तर बंद झालेला नंबर हलवता येत नाही आणि काही काळाने तो दुसऱ्याच कुणाला तरी दिला जाऊ शकतो.